आधी कॅबिनेट उघडा, मग कार्ड घ्या

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही ऐरोलीला राहतो. मिस्टरांच्या ऑफिसने जुने पीसी काढले तेव्हा एक घरी आणला, डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा मोठा कॅबिनेटवाला, आयफाइव्ह ४५९० आणि ८ जीबी रॅम. मुलगा अकरावीत आहे, ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकतोय आणि गेम पण खेळतो, त्याला ग्राफिक कार्ड हवंय. एका दुकानदाराने आरटीएक्स ४०६० सांगितलं, म्हणाला पॉवरची वायर कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही. बजेटच्या बाहेर जातंय पण म्हटलं एकदाच काय तो खर्च करू. घेऊ का? मॉनिटर जुनाच आहे, निळ्या पिनवाला.
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. कार्ड चांगलंच आहे हो, पण तुमच्या मशीनसाठी नाही, आणि त्या कन्व्हर्टरची तर मला खरंच काळजी वाटली म्हणून तुमचं पत्र आधी घेतलं.

आज एक काम करा. कॉम्प्युटर बंद करून मेन स्विचमधून वायर काढा, बाजूचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर मुलाला वाचायला सांगा. या मॉडेलच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये कंपनीचा २९० वॅटचा एसएमपीएस येतो. प्रोसेसर ८४ वॅटचा आहे, त्यात बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पंखे धरले तरी ७५ वॅटचं कार्ड आरामात बसतं. हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा, कारण ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो स्लॉट स्वतः जास्तीत जास्त तेवढीच पॉवर देतो. ४०६० ला ११५ वॅट लागतात म्हणून त्याला वरून वेगळी पिन असते, आणि तुमच्या एसएमपीएसमधून तशी पिनच येत नाही, मग दुकानदार हार्ड डिस्कच्या साटा वायरला कन्व्हर्टर लावून ८ पिन बनवून देतात. आता हिशोब बघा, साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टचे तीन पिन, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट, आणि ८ पिनच्या तोंडातून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. असा एक कनेक्टर मी हातात घेतलाय, काळं प्लास्टिक मऊ होऊन पिनांभोवती गोळा झालेलं आणि जळका वास. घरात मूल एकटं रात्री रेंडर (ब्लेंडरमधलं चित्र पूर्ण तयार करायचं काम) लावून झोपणार असेल तर ही रिस्क नकोच.

एसएमपीएस बदलू म्हणाल तर त्यातही अडचण आहे, या मॉडेलच्या बोर्डाला नेहमीची २४ पिन नसून डेलची स्वतःची ८ पिन आहे, बाजारातला साधा एसएमपीएस सरळ लागत नाही, त्याला पण वेगळा कन्व्हर्टर लागतो. कशाला एवढा खटाटोप.

मी तुमच्या जागी असतो तर जीटीएक्स १६५० घेतलं असतं, ४ जीबीवालं, ७५ वॅटचं, आणि मुद्दाम बघून, वर पिन नसलेलं, कारण याच नावाची काही कार्डं ६ पिनवाली पण येतात आणि खोक्यावर ते पटकन दिसत नाही. एका पंख्याची छोटी कार्डं साधारण १५ ते १८ सेंटिमीटर असतात, तरी मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या खाचेपर्यंत पट्टीने मोजून घ्या. ब्लेंडरला एनव्हीडियाचं कार्ड चांगलं चालतं. नवीन आणि बिलासकट हवं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं पण ७० वॅटमध्ये बसतं, २०२४ चं आहे, पण ८ जीबीवालं ३०५० वेगळं, ते १३० वॅटचं, नाव एकच म्हणून फसू नका. तुमचा प्रोसेसर २०१४ चा, चार कोरचा, त्यामुळे गेममध्ये यापेक्षा मोठ्या कार्डाचा जोर बराचसा वायाच जाईल.

सेकंड हॅण्ड १०५० टीआय स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगेल. चांगलं कार्ड होतं, २०१६ चं, पण त्या पिढीला नवीन गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत, आता २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट. वर नकली माल पण खूप फिरतो, जुन्या कार्डाचा बायोस (कार्डाच्या आतला प्रोग्रॅम) बदलून १०५० टीआय म्हणून खपवतात. कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घ्याच, आणि दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा, बऱ्याच नकली कार्डांना ते सरळ फेक दाखवतं. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल (दादरला वेस्टर्न पकडून ग्रँट रोड) तर मशीन सोबत न्या, जड आहे खरं, पण लावून चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

निळ्या पिनचं म्हणाल तर १६५० ला व्हीजीए नाही. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, हा मात्र चालतो, आतमध्ये चिप असलेला. आणि कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाच्या जुन्या पोर्टला न लावता कार्डाला लावा, ही चूक एवढे लोक करतात की विचारू नका, मग म्हणतात कार्ड डेड आहे.

अजून एक, रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर कार्डाआधी दुसरी टाका, डीडीआर३ आहे, आणि हार्ड डिस्क अजून फिरणारीच असेल तर एसएसडी. त्याने मुलाला रोज फरक कळेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही, म्हणून या मशीनवर फार मोठी रक्कम घालू नका असं मनापासून सांगतो. उरलेले पैसे पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवा, कॉलेजला लागेलच त्याला.

प्रश्न : सर, माझा ऑफिसवाला पातळ कॅबिनेट आहे, त्यात जीटी १०३० टाकायचंय. एकाच नावाची दोन कार्डं, भावात फरक, कुठलं घेऊ?
— एक वाचक, कळवा

उत्तर : खोक्यावर जीडीडीआर५ (कार्डाच्या मेमरीचा प्रकार) लिहिलेलं घ्या. दुसरं डीडीआर४ चं असणार, त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला जेमतेम १७ जीबी आणि जीडीडीआर५ चा ४८, नाव सेम असलं तरी गेममध्ये फरक लगेच दिसतो. पॉवरची चिंता नाही, ३० वॅटचं आहे. फक्त छोटी पट्टी, लो प्रोफाइल ब्रॅकेट, खोक्यात आहे का ते दुकानातच उघडून बघा, नाहीतर कार्ड आत बसेल पण झाकण लागणार नाही. आणि खाडीकडच्या दमट हवेत जुन्या मशीनचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, त्यामुळे स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून घ्या, मगच कार्ड दाबून बसवा, क्लिपचा टक् आवाज आला पाहिजे.