घरची टीम की कॉलेजची? कोलंबसहून अ‍ॅन आर्बरला निघालेल्यासाठी

तुझी पोस्ट दोनदा वाचली. कोलंबसमध्ये वाढलास, कळायला लागल्यापासून तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमचा लाल शर्ट अंगावर, आणि आता अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळालाय. बाबा म्हणाले, 'तो पिवळा-निळा शर्ट घालून घरात यायचं नाही', आणि ते हसत म्हणाले की मनापासून, हेच तुला उमगत नाहीये. नोव्हेंबरात या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच असते, तेव्हा कुणाच्या बाजूनं ओरडायचं, हा तुझा प्रश्न. २००५ साली मी नेमका इथंच उभा होतो, म्हणून लिहायला बसलोय. हे वैर किती जुनं आहे, ओहायो आणि मिशिगन या राज्यांचं टोलेडो शहरावरून झालेलं जुनं भांडण काय होतं, ते तुला सांगायची गरज नाही. आणि मी काही समुपदेशक नाही. तुझे बाबा माझ्या बाबांसारखे असतीलच असंही नाही.

माझे बाबा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की घरातले सगळे पुरुष दुपारीच गायब. तिथं टीम कुणी निवडत नाही, ज्या पेठेत जन्मलास तिची टीम ती तुझी. १९९६ मध्ये आम्ही कोलंबसला आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. टीव्हीवर पहिल्यांदा हा खेळ बघून बाबा म्हणाले होते, "हातात बॉल घेऊन पळत्यात, ह्यो कसला फुटबॉल?" पण ऑफिसात, दुकानात, शेजारी, शनिवारी सगळ्या गावाचा एकच विषय. ते त्यांना ओळखीचं वाटलं असणार. दोन सीझनमध्ये ते पक्के झाले. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात फ्रिजवरच्या माझ्या मार्कशीटवर जिथं जिथं मिशिगनचा एम दिसेल तिथं लाल टेप लावायचे. जानेवारी २००३ मध्ये ओहायो स्टेटनं मायामीला डबल ओव्हरटाइममध्ये ३१-२४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, त्या रात्री त्यांनी मला पंधराव्या वर्षी उचलून घेतलं होतं.

मी अ‍ॅन आर्बरला गेलो तेव्हा त्यांच्या हिशेबात मी कॉलेज निवडलं नव्हतं, पेठ बदलली होती. तरी बाहेरच्या राज्यातल्या मुलाची ती भली मोठी फी चारही वर्षं त्यांनीच भरली. हे विसरू नकोस. तुझे बाबाही भरणार असतील.

आता माझी चूक. १८ नोव्हेंबर २००६, मॅच कोलंबसला. दोन्ही टीम ११-०, म्हणजे अकराच्या अकरा मॅच जिंकलेल्या, ओहायो स्टेट पहिल्या नंबरवर, मिशिगन दुसऱ्या. तिकीट कुठंच नव्हतं. बाबांना ऑफिसातल्या एकानं दोन तिकिटं दिली आणि त्यांचा लगेच मला फोन: "येतोस न्हवं?" मी म्हणालो, सोमवारी परीक्षा आहे.

परीक्षा नव्हती. हॉस्टेलचे आम्ही चौघं जाणार होतो आणि एका तिकीटवाल्या कंपनीला पैसे देऊन बसलो होतो. पण बाबांना नाही म्हणायचं खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या शेजारी बसल्यावर माझ्या तोंडून कुणासाठी ओरड निघेल याची मला खात्री राहिली नव्हती. शुक्रवारी निघायच्या तयारीत असताना मिशिगनचे जुने नावाजलेले कोच बो शेंबेक्लर गेल्याची बातमी आली. हे नाव मी कोलंबसमध्ये लहानपणापासून शत्रूचं म्हणूनच ऐकलेलं. मेसमध्ये सगळे गप्प झाले आणि मलाही गलबलून आलं. तेव्हा कळलं की आत काहीतरी सरकलंय. त्याच वेळी बाबांना फोन करून सगळं सांगायला हवं होतं. नाही केला.

तिकिटं शनिवारी सकाळी एका हॉटेलच्या लॉबीतल्या काउंटरवर मिळणार होती. काउंटर म्हणे, यादीत तुमची नावं नाहीत, फोन करा. फोनवरची बाई म्हणे, काउंटरला विचारा. साडेतीनला मॅच सुरू झाली तरी हेच. मी लायब्ररीत दोन महिने काम करून साठवलेले पैसे चेकनं दिले होते, आणि चेक त्यांनी पहिल्याच दिवशी वटवला होता. पुढं आठ महिने ईमेल लिहिले. दर वेळी उत्तर देणारा नवा माणूस, दर वेळी 'तुमची फाइल तपासात आहे'. एक पैसा परत आला नाही. अजून आठवलं की रक्त उसळतं. तिकीट घेशील तर क्रेडिट कार्डानंच घे, आणि ते हातात किंवा फोनमध्ये आल्याशिवाय गाडी काढू नकोस.

तर मी माझ्याच गावात, घरापासून वीस मिनिटांवर, स्टेडियमबाहेर निळं जाकीट घालून उभा. आतून एक लाख माणसांचा आवाज येतोय. तिथं मराठी मंडळातले एक काका भेटले. मॅच ४२-३९, ओहायो स्टेट जिंकलं. घरी न जाता त्याच २३ नंबरच्या रस्त्यानं आम्ही रात्री परत फिरलो. पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला मी घरी. जेवताना बाबांनी विचारलं, "परीक्षा कशी झाली?" मी म्हणालो, चांगली झाली. "बरं," म्हणाले, आणि भाकरी पुढं केली. त्यांना त्या काकांकडून शनिवारी रात्रीच कळलं होतं. आईनं खूप नंतर सांगितलं की ते मॅचलाही गेले नव्हते, दोन्ही तिकिटं परत दिली होती. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ते माझ्याशी या खेळाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून माझं मत ठाम आहे: आधी सांग. 'बाबा, मला अजून माहीत नाही' एवढं म्हटलंस तरी चालेल. प्रवेशाचं पत्र आलं म्हणून निष्ठा बदलत नाही, आणि बदलायची घाईही करू नकोस. तू लिहिलंयस की दोघांना बरं वाटावं म्हणून कुठल्याच टीमचा नसलेला स्वेटशर्ट घालून बसणार. नको. असा शर्ट बघून दोन्हीकडच्यांना वाटतं की तुला कशाचंच काही नाही, आणि तुला तर दोन्हींचं आहे. बाबांच्या शेजारी बसशील तेव्हा लाल घाल, त्यात खोटेपणा नाही.

सुरुवातीला हॉकी बघ. मिशिगनची हॉकी टीम बर्फावर खेळते त्या योस्ट अरेनात एकदा जाऊन ये. ओहायो स्टेटचीही हॉकी टीम आहे, पण आमच्या घरी ती कुणी कधी बघितली नव्हती, त्यामुळं तिथं मी पहिल्यांदा मोकळेपणानं मिशिगनसाठी ओरडलो. आणि मंडळात कुणी काका 'गद्दार' म्हणाले तर उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. मला दिवाळीच्या कार्यक्रमात, माझ्या आईसमोर म्हणाले होते. एकोणीस वर्षांच्या मुलाला असं बोलणाऱ्या मोठ्या माणसांचा मला आजही राग येतो.

माझं पुढं काय झालं विचारशील. शिकत होतो ती चारही वर्षं मिशिगन ओहायो स्टेटकडून हरलं. २०११ मध्ये ४०-३४ जिंकलं तेव्हा मी शिकागोत एकटाच टीव्हीसमोर होतो आणि उभा राहून नाचलो. मग सोफ्यावर बसून बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "बघितली. तुझी पोरं चांगली खेळली." तुझी पोरं! ८ जानेवारी २०२४ ला मिशिगननं वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून विजेतेपद घेतलं, त्या रात्री पहिला फोन त्यांचाच होता. आमच्या मॅचला मात्र ते अजून लाल टेप लावतात.

सम वर्षी मॅच कोलंबसला असते, विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला. कोलंबसच्या वर्षी मित्रांना होकार देण्याआधी बाबांना विचार, त्यांच्याकडे तिकीट आहे का.