आईचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचं ऑपरेशन आहे. शिवाजी पेठेत जुनं घर, झोपायची खोली माडीवर. काय तयारी करावी?

पलंग महिनाभर तरी खाली आणा. दोन्ही गुडघे एकदम बदलले की भार टाकायला चांगला पाय उरत नाही, उठणं हातांच्या जोरावर होतं. म्हणून खुर्ची हातवाली, १८-२० इंच उंच हवी. कमोडवर उंच सीट, भिंतीला दांडा. पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा.

साखर आत्ताच आटोक्यात आणा. किडलेला दात, पायाची जखम आधी बरी करून घ्या. तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते सर्जननाच विचारा.

नंतरची मोठी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. आईंना बरं वाटेल, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहून सरळ होऊ द्या. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास, व्यायामानंतर १५-२० मिनिटं फडक्यातून बर्फ. साधारण दोन आठवड्यांत ९० अंश वाकायला हवा. दुखतंय म्हणून व्यायाम टाळू देऊ नका.

पोटरी सुजून दुखली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर थेट इमर्जन्सीत न्या.