वेंगुर्ल्याला कॅमेरा घेऊन निघालायस तर

बेळगावहून पहाटे निघालास तरी आंबोलीत धुक्याचे फोटो काढत रेंगाळू नकोस. सकाळचं कोवळं ऊन तिकडंच संपतं. अकरा ते तीन जेव, सोलकढी पी, कॅमेरा पिशवीत ठेव. समुद्र पश्चिमेला, म्हणून बंदराकडं तोंड केलेल्या भिंतींवर खरा उजेड चारनंतरच येतो.

नवखे नेहमी चुकतात ते इथं:

- अख्खी डच वखार एका फोटोत कोंबतात. सतराव्या शतकातली पडकी वास्तू ती, लांबून नुसता ढिगारा दिसतो. जवळ जा. चिऱ्याची भोकं, सुटलेला चुना, भिंत फोडून शिरलेलं मूळ, एवढंच घे.
- पांढरं आभाळ फ्रेममध्ये घेतात, मग भिंत काळी पडते. आभाळ कापून टाक.
- जेटीवर जाळी विणणाऱ्यांवर न विचारता लेन्स रोखतात. आधी बोल, मासळीचा भाव विचार. मालवणी येत नसली तरी चालतं, आपल्या बेळगावी मराठीला ते हसतात आणि तिथंच ओळख होते.

सूर्यास्त सगळेच काढतात, तूही काढशील, काढ. पण तेव्हा एकदा मागं वळून कौलांवरचा रंगही बघ.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल), फिल्टर, ट्रायपॉड आत्ता काही नको. आहे त्या लेन्सवर जा. घरी आल्यावर मात्र खारं वारं लागलेला कॅमेरा आधी पुसायचा, जेवण नंतर.