‘हिस्टरी ऑफ’चा अर्थ लागण्याइतके इंग्रजी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. साताऱ्यात मराठी माध्यमातून शिकून त्या बी.कॉम. झाल्या आणि पतीच्या नोकरीमुळे आता एच-४ व्हिसावर अमेरिकेत आहेत. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’चा, म्हणजे रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी सांभाळण्याच्या शास्त्राचा, दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, परंतु कॉलेजने आधी वर्षभर ईएसएलचे, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीचे, वर्ग घेण्यास सांगितले आहे. ते वर्ष वाया जाईल, त्यापेक्षा मेडिकल कोडिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करावा का, असे त्या विचारतात.

ते वर्ष वाया जाणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ईएसएलचा वर्ग कोणता, हे पारखून घ्यावे लागेल.

डॉक्टरांनी लिहिलेली टिपणे वाचून प्रत्येक आजाराला व उपचाराला ठरलेला कोड देणे, म्हणजेच मेडिकल कोडिंग, हे या क्षेत्रातील एक मुख्य काम आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांसाठी आयसीडी-१०-सीएम ही कोडपद्धती लागू आहे; जुन्या पद्धतीत आजारांचे सुमारे १४ हजार कोड होते, ते आता सत्तर हजारांच्या घरात गेले आहेत. कोड शोधून देण्यास संगणक मदत करतो, पण खरी अडचण टिपणातील लहानसहान शब्दांची असते. आपल्याकडे ‘हिस्टरी ऑफ डायबेटिस’ असे लिहिलेल्या रुग्णाला मधुमेह आहे, असेच आपण समजतो. तेथील कोडिंगमध्ये मात्र ‘हिस्टरी ऑफ’ म्हणजे पूर्वी होऊन गेलेला, आता नसलेला आणि ज्यावर उपचार चालू नाहीत असा आजार. ‘प्रॉबेबल’ किंवा ‘सस्पेक्टेड’ हे शब्द बाह्यरुग्ण विभागाच्या टिपणात आले, तर त्या आजाराचा कोड देता येत नाही, केवळ लक्षणाचा देता येतो. आणि हेच शब्द रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या घरी सोडतानाच्या निदानात आले, तर तो आजार आहे असे धरूनच कोड द्यावा लागतो. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार एकाच टिपणात असतील, तर डॉक्टरांनी तसे नसल्याचे लिहिलेले नसल्यास, दोहोंचा संबंध आहे असे गृहीत धरले जाते.

तेव्हा या कामाला लागणारे इंग्रजी हे उच्चारांचे नव्हे, बारकाईने वाचण्याचे इंग्रजी आहे. सार्वजनिक वाचनालयातील संभाषणाचे मोफत वर्ग भीड चेपण्यासाठी उत्तम, जरूर जावे. पण कॉलेजात ‘अकॅडेमिक रीडिंग अँड रायटिंग’ या अंगाचा वर्ग मागून घ्यावा. लिहिण्याचीही येथे कसोटी लागते. टिपण अपुरे असल्यास डॉक्टरांना लेखी शंका विचारावी लागते आणि त्या प्रश्नातून उत्तर सुचवायचे नसते. ‘रुग्णाला रक्तक्षय आहे असे लिहावे का?’ हा प्रश्न चालत नाही. हिमोग्लोबिनचे आकडे व दिलेले उपचार मांडून, निर्णय डॉक्टरांवर सोडावा लागतो.

वैद्यकीय परिभाषेची धास्ती मात्र बाळगू नये. यकृत आणि शोथ मिळून यकृतशोथ होतो, तसेच ‘हेपॅट’ आणि ‘आयटिस’ मिळून ‘हेपॅटायटिस’ होतो. समास फोडण्याची शाळेतील सवय येथे अनपेक्षितपणे कामी येते.

सहा महिन्यांच्या कोर्सविषयी सावध राहावे. केवळ सीपीसी ही कोडिंगची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अननुभवी व्यक्तीच्या प्रमाणपत्राच्या नावापुढे शिकाऊ असल्याचे दर्शवणारा ‘ए’ लागतो, आणि पहिली नोकरी मिळवणे तेथेच अवघड होते. शिवाय अमेरिकन रुग्णालयांचे पुष्कळसे कोडिंग आज भारतातच होते, हा विरोधाभासही लक्षात असू द्यावा. पदवी घेतल्यास आरएचआयटी या वैद्यकीय नोंदींच्या तंत्रज्ञांसाठीच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसता येते, पण त्यासाठी अभ्यासक्रमाला ‘कॅहीम’ या संस्थेची मान्यता हवी. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी ती स्वतः तपासावी. बी.कॉम.चे मूल्यांकन करून घेतल्यास काही सामान्य विषयांतून सूट मिळू शकते. ईएसएलचे श्रेयांक पदवीत धरले जातात का, हेही विचारावे, कारण प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा असतो.

एच-४ वर शिक्षण घेता येते, परंतु अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य मिळत नाही. नोकरीसाठी वेगळा परवाना लागतो. २०१५ पासून तो काही एच-४ धारकांनाच, मुख्यतः जोडीदाराचा आय-१४० हा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज मंजूर झालेला असल्यास, मिळतो. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याचा भाग असतो. तो विनावेतन असला तरी आपल्या व्हिसावर चालेल का, हे इमिग्रेशन वकिलाला आधीच विचारून ठेवावे.

एक गोष्ट घरच्या मंडळींनाही सांगून ठेवावी. १९९६ च्या हिपा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते. महाराष्ट्र मंडळात ज्यांच्या शेजारी बसून आपण गणपतीची आरती म्हणतो, त्यांचीच फाइल उद्या समोर येऊ शकते. तिच्यातील अक्षरही जेवणाच्या टेबलावर, पतीजवळसुद्धा, बोलता येणार नाही.