ग्वांतानामोतले लोक ‘युद्धकैदी’ की ‘स्थानबद्ध’?

प्रश्न असा आहे: अमेरिकेने 2001 नंतर जे काही पुकारले त्याला आपण सर्रास ‘दहशतवादविरोधी युद्ध’ म्हणतो. मग त्यात पकडून क्यूबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी नौदल तळावर नेलेल्यांना ‘युद्धकैदी’ म्हणायला काय हरकत आहे? एका अनुवादात संपादकांनी तो शब्द खोडून ‘कैदी’ केला, ते योग्य का?

खोडला ते योग्यच, पण त्या जागी घातलेला ‘कैदी’ही नेमका नाही. नेमका शब्द मराठीत तयार आहे आणि वर्तमानपत्रांत रोज छापून येतो: स्थानबद्ध.

‘युद्धकैदी’ म्हटले की आपल्याकडे 1971 आठवते. ढाक्याची शरणागती, सुमारे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी आणि 1973 च्या दिल्ली करारानंतर एप्रिल 1974 पर्यंत त्यांची झालेली परत पाठवणी. हा शब्द म्हणजे लढाईत हाती लागलेल्या कोणाचेही ढोबळ वर्णन नव्हे. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने ठरवून दिलेला तो एक दर्जा आहे. युद्धकैद्याने फक्त आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगायचा. त्यापुढे काही काढून घेण्यासाठी जबरदस्ती करता येत नाही (कलम 17). शत्रूवर गोळी झाडली एवढ्यासाठी त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि प्रत्यक्ष लढाई थांबली की त्याला विनाविलंब सोडावे लागते (कलम 118). पकडलेला माणूस या दर्जात बसतो की नाही याची शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्याला हेच संरक्षण मिळते (कलम 5).

अमेरिकी सरकारने नेमका हाच दर्जा नाकारला. पहिले 20 जण 11 जानेवारी 2002 रोजी क्यूबातल्या या नौदल तळावर उतरवले गेले. 7 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लेखी आदेश काढला: अल कायदाबरोबरच्या संघर्षाला जिनिव्हा करार लागू नाहीत, तालिबानच्या बाबतीत लागू आहेत, पण पकडलेले तालिबानी युद्धकैदी ठरत नाहीत. प्रत्येकाची कलम 5 प्रमाणे स्वतंत्र सुनावणी न घेता सरसकट घेतलेला हा निर्णय होता. म्हणून ‘ग्वांतानामोतील युद्धकैदी’ असे लिहिले, की ज्या गोष्टीवरून सारा वाद पेटला ती त्यांना मिळालीच होती, असा अर्थ होतो. वाचकाला वादच कळत नाही.

‘युद्ध आहे तर युद्धकैदी का नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने वादाच्या मुळावर बोट ठेवले आहे. अमेरिकी काँग्रेसने 14 सप्टेंबर 2001 रोजी बळाच्या वापराला संमती देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1 असे मतदान झाले; विरोधातले एकमेव मत बार्बरा ली यांचे होते. पकडलेल्यांना खटल्याविना डांबण्याचा अधिकार सरकारने या ठरावातून, म्हणजे युद्ध चालू असल्याच्या आधारावर घेतला. युद्धातली मुभा घ्यायची आणि युद्धकैद्याचे हक्क द्यायचे नाहीत, अशी ही भूमिका होती. मला ती तेव्हाही असमर्थनीय वाटत होती आणि आजही वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हमदान खटल्यात (2006) सांगितले, की निदान जिनिव्हा करारांचे सामाईक कलम 3 (माणुसकीच्या वागणुकीची किमान हमी) तरी या लोकांना लागू आहे. पण त्याने ते युद्धकैदी ठरले नाहीत, हे अनुवादकाने लक्षात ठेवावे.

आता ‘कैदी’ का नको? आपल्या तुरुंगांत कच्चा कैदी आणि पक्का कैदी हा भेद शिपायापासून वकिलापर्यंत सगळे करतात. कच्चा म्हणजे खटला चालू असलेला, पक्का म्हणजे शिक्षा झालेला. ग्वांतानामोला आजवर सुमारे 780 जण ठेवले गेले. त्यांतल्या बहुतेकांवर आरोपपत्रच कधी दाखल झाले नाही. ते कच्चेही नव्हते आणि पक्केही नव्हते. ‘ग्वांतानामोतील अतिरेकी’ हे तर सरळ चूक आहे. ज्यांना शेवटी आरोपाविना घरी पाठवले, त्यांच्यावर आपण आपल्या मथळ्यात गुन्हा शाबीत करतो.

तिसऱ्या प्रकारच्या बंद्यासाठी आपल्याकडे ‘स्थानबद्ध’ आहे. ‘एमपीडीएखाली गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते (एमपीडीए म्हणजे धोकादायक व्यक्तींना खटल्याविना अडकवण्याचा महाराष्ट्राचा कायदा). आणीबाणीत येरवड्याला आणि नाशिकरोडला ठेवलेले मिसाबंदी, म्हणजे ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना डांबलेले, हेही स्थानबद्धच होते. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर पुढे धोका होईल या अंदाजाने अडकवलेला माणूस, हा अर्थ या शब्दात पक्का बसलेला आहे. एक फरक मात्र आहे. आपल्या संविधानाच्या कलम 22 मुळे तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो आणि एमपीडीएची कमाल मुदत बारा महिने आहे. ग्वांतानामोला अशी मुदत नाही. त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘आरोपपत्राविना बेमुदत स्थानबद्ध’ असे पूर्ण लिहावे. पुढे नुसते ‘स्थानबद्ध’ चालते. या लोकांना देहोपस्थितीची याचिका (डांबणे कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे, अशी मागणी) करण्याचा घटनात्मक हक्क आहे हेही बूमेदियन खटल्यात 12 जून 2008 रोजी ठरले, म्हणजे पहिली तुकडी उतरल्यानंतर सहा वर्षांनी. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिसाबंद्यांना हीच वाट 28 एप्रिल 1976 रोजी बंद केली होती.)

अमेरिकी कागदपत्रांतला अधिकृत शब्द ‘एनिमी कॉम्बॅटंट’. त्याचे ‘शत्रुसैनिक’ करू नये, कारण सैनिक म्हटला की युद्धकैद्याचा दर्जा मागच्या दाराने परत येतो. ‘लढवय्या’ही जपून वापरावा. मराठीत त्या शब्दाला कौतुकाचा वास आहे. ‘बेकायदा लढवय्ये’ वाचले की गनिमी काव्याने लढणारे शूर डोळ्यांपुढे येतात. मी ‘शत्रुपक्षाचा सशस्त्र माणूस’ असे साधे लिहीन आणि सरकारी शब्द असेल तिथे तो अवतरणचिन्हांत, ‘अमेरिकी सरकारच्या भाषेत’ अशी पुस्ती जोडून. 2006 च्या लष्करी आयोग कायद्यातली (हे आयोग म्हणजे अशा लोकांवर खटले चालवणारी लष्करी न्यायालये) संज्ञा 2009 च्या कायद्यात बदलली आहे, म्हणून मजकूर कोणत्या सालचा आहे ते आधी पाहावे.

सीआयएच्या गुप्त कोठड्यांची गल्लतही इथे नेहमी होते. त्या वेगळ्या होत्या आणि वेगवेगळ्या देशांत होत्या. सिनेटच्या समितीने डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिथल्या 119 जणांची नोंद आहे आणि त्यांपैकी किमान 26 जणांना चुकीने धरले होते, असेही म्हटले आहे. तिथल्या ‘प्रगत चौकशी तंत्रां’ना मराठीत छळ म्हणावे. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या खालिद शेख मोहम्मदला 183 वेळा पाण्याने गुदमरवले, त्याला ‘तंत्र’ म्हणणे हा अनुवाद नव्हे, वकिली आहे.

जानेवारी 2025 मध्ये ग्वांतानामोला दहशतवादविरोधी मोहिमेत पकडलेले 15 जण उरले होते आणि त्या पंधरांसाठीसुद्धा एकच शब्द पुरत नाही. दोघांना शिक्षा झालेली, म्हणजे ते पक्के कैदी. सात जणांवर लष्करी आयोगापुढे कारवाई चालू, ते आरोपी. उरलेले सहा स्थानबद्ध आणि त्यांतले तिघे तर सोडायला मंजुरी मिळूनही तिथेच. फेब्रुवारी 2025 पासून त्याच तळावर अमेरिकेतून हद्दपार करायचे स्थलांतरितही ठेवले गेले. त्यामुळे नंतरच्या बातमीत ‘ग्वांतानामोतील स्थानबद्ध’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या कायद्याखाली, ते त्याच वाक्यात यायला हवे.