हिरो-होंडासारखी पार्टनरशिप तुटली तर स्पेअरचं काय होतं? देशी-परदेशी जोडीची बाइक घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की राहता गुहागरकडच्या शृंगारतळीला, ट्रायम्फ-बजाजची स्पीड 400 नाहीतर हार्ले-हिरोची एक्स 440 घ्यायचं मनात आहे, आणि वडील म्हणतायत "हिरो-होंडाचं काय झालं बघितलंस ना, उद्या हे दोघं भांडले की तुझी गाडी भंगारात". वडिलांना उलट बोलायचं नाही, पण त्यांनी दिलेलं उदाहरण नेमकं त्यांच्याच विरोधात जातंय, ते सांगतो.

माझं चिपळूणला टू-व्हीलर स्पेअरचं दुकान आहे, वीसेक वर्षं काउंटरवर बसतोय, त्याआधी मामाच्या गॅरेजात पाने पुसायला होतो. त्यामुळे कंपन्यांची लग्नं आणि काडीमोड पेपरात कमी, काउंटरवर जास्त बघितलेत.

डिसेंबर 2010 ला हिरो आणि होंडा वेगळे होणार अशी बातमी आली, आणि त्याच आठवड्यात वेळणेश्वरचे एक काका आले, स्प्लेंडरवाले, म्हणाले क्लच प्लेटचे दोन सेट दे, पिस्टन रिंगा दे, चेन किट, क्लच केबल, ॲक्सिलेटर केबल, सगळं दोन-दोन. म्हटलं काका गाडी तर झक्कास चाललीय. तर म्हणे "अरे होंडा चालली ना, आता पार्ट कोण बनवणार?" मी थोडं समजावलं, फार जोर नाही लावला, गल्ल्यात पैसे येत होते, खोटं कशाला बोलू. ते सामान त्यांच्या माळ्यावर अजून तसंच असणार, आणि केबल तर खाऱ्या वाऱ्याने कधीच जाम झाल्या असतील. स्प्लेंडरचे पार्ट मात्र आजही गुहागरपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याही टपरीवर मिळतात, किराणा दुकानात बिस्कीटपुडा मिळतो तसे.

असं का, तर आपण "होंडाचा पार्ट" म्हणायचो तो जपानहून बोटीने येत नव्हता. पंचवीस वर्षांत जवळपास सगळं इथेच बनायला लागलं होतं, इथल्याच छोट्यामोठ्या कारखान्यांत. जोडी मोडली तरी ते कारखाने, त्यांचे साचे आणि मशीन कुठे जाणार होती? डबीवरचं नाव तेवढं बदललं.

आता मुळात या जोड्या जमतात कशाला ते बघा, म्हणजे तुटतात का ते आपोआप कळेल. ऐंशीच्या दशकात परदेशी कंपनीला इथे स्वतःच्या जिवावर दुकान मांडताच येत नव्हतं, इथला भिडू लागायचाच. सरकारने परदेशी टेक्नॉलॉजी घ्यायला वाट मोकळी केली तीपण 100 सीसीपर्यंत, म्हणून त्यावेळच्या गाड्यांची नावं आठवा: सुझुकीची एएक्स 100, यामाहाची आरएक्स 100, हिरो-होंडाची सीडी 100, कावासाकी-बजाजची केबी 100. सगळ्या शंभर! लहानपणी मला वाटायचं शंभर हा मोटारसायकलचा शुभ आकडा आहे, लग्नात एकशे एक देतात तसा. नंतर कळलं की कायदा आहे तो.

म्हणजे त्यावेळी गरज अशी होती की जपान्यांना दरवाजा हवा होता आणि आपल्या लोकांना इंजिन हवं होतं. आपल्याकडे तोवर काय होतं, तर बुलेट, राजदूत, येझदी. राजदूतचं मूळ पोलंडचं, जावा-येझदी झेक, म्हैसूरला बनायची. मामाकडे येझदी होती, तिची किक आणि गिअर एकच दांडी, किक मारून ती खाली पुढे वळवली की गिअर टाकायला तयार, नवीन माणूस पहिल्यांदा बसला की गोंधळायचाच. गाड्या दणकट होत्या पण पेट्रोल पित होत्या, आणि सीडी 100 आली 1985 ला ती थेट फोर स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची झंझट नाही, ॲव्हरेज असं की लोकांना खरं वाटेना. होंडाकडे इंजिन, आणि हिरोच्या मुंजाल लोकांकडे सायकलीच्या धंद्यातले गावोगावचे डीलर. दोघांचे 26-26 टक्के, बाकी पब्लिकचे शेअर.

गंमत म्हणजे होंडाने त्याच सुमारास स्कूटरसाठी दुसरीकडे घर केलं, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकबरोबर. गिअर नाही, सेल्फ स्टार्ट, कायनेटिक होंडा आमच्याकडच्या शिक्षिका आणि बँकवाल्या बायकांनी मनापासून चालवली. 1998 ला होंडा त्यातून बाहेर पडली, 1999 ला स्वतःची शंभर टक्के कंपनी काढली आणि 2001 ला ॲक्टिव्हा आणली. तोपर्यंत कायदा सैल झालेला, दरवाजा उघडा, मग दरवाज्यावर उभा राहणारा भिडू कशाला हवा? हिरोबरोबर मात्र थोडं सांभाळून, मोटारसायकल लगेच नाही काढली, पहिली युनिकॉर्न 2004 ला. म्हणजे एकाच घरात दोन चुली मांडून झाल्या होत्या, भांडण बाहेर यायचं बाकी होतं. त्यात होंडा जिथे स्वतः विकते तिथे हिरो-होंडाने जायचं नाही अशी बंधनं, हिरोला तर बाहेर माल पाठवायचा होता. शेवटी हिरोने होंडाचे 26 टक्के विकत घेतले, 2011 ला नाव हिरो मोटोकॉर्प झालं, जुनी मॉडेलं चालू ठेवायचं लायसन ठरलं, आणि काडीमोड झाला तोही तसा घरच्या घरीच, कोर्टकचेरी न करता. आपल्याकडे पाच गुंठे आंब्याच्या वाटणीसाठी तीन पिढ्या रत्नागिरीला तारखांना जातात, त्या मानाने हे लोक शहाणेच म्हणायचे.

टीव्हीएस आणि सुझुकी 2001 ला वेगळे झाले आणि टीव्हीएसने त्याच वर्षी स्वतः बनवलेली व्हिक्टर काढून दाखवली. बजाजने कावासाकीकडून शिकून घेतलं आणि 2001 ला पल्सर स्वतःच्या हिमतीवर आणली. यामाहाने एस्कॉर्ट्सचा हिस्सा हळूहळू घेत घेत 2001 ला सगळंच ताब्यात घेतलं. एकच साल बघताय ना? बुलेटची गोष्ट तर याहून भारी, 1955 ला मद्रासला इंग्लंडच्या कंपनीबरोबर जोडणी सुरू झाली आणि पुढे 1970 च्या आसपास इंग्लंडमधली मूळ कंपनीच संपली, पोर मात्र इथे धडधडत राहिलं.

आताच्या जोड्या उलट्या दिशेच्या आहेत. आता परदेशी कंपनीला परवानगीसाठी भिडू लागत नाही, तिला स्वस्तात चांगली छोटी गाडी बनवून देणारा लागतो आणि तालुक्यातालुक्यात सर्व्हिस देणारा लागतो. बजाजने 2007 ला ऑस्ट्रियाच्या केटीएमचे 14.5 टक्के घेतले, पुढे वाढवत 48 च्या आसपास नेले, आणि छोट्या ड्यूक चाकणला बनून जगभर जायला लागल्या. चाकण म्हणजे आपल्या घाटावरचंच की. बीएमडब्ल्यू आणि टीव्हीएसचा करार 2013 चा, 313 सीसीचं इंजिन तमिळनाडूतल्या होसूरला बनतं, तेच बीएमडब्ल्यूच्या जी 310 ला आणि तेच अपाचे आरआर 310 ला. पहिल्यांदा एक अपाचे आरआर शेजारच्या गॅरेजात उघडली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो, सिलिंडर मागे कललेला, हवा पुढून आत आणि धूर मागून बाहेर, आमचा मिस्त्री पाच मिनिटं नुसता कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला "ह्यो उलटा बसवलाय की काय कोणी?"

नुकसानीचीपण उदाहरणं आहेत. हिरोने होंडा गेल्यावर 2013 ला अमेरिकेच्या एरिक ब्युएल रेसिंगमध्ये अडीच कोटी डॉलर घालून 49.2 टक्के घेतले, एचएक्स 250 आर नावाची गाडी 2014 च्या ऑटो एक्स्पोत मांडली, आणि एप्रिल 2015 ला ती अमेरिकन कंपनीच बसली. गाडी कधी आलीच नाही. म्हणून कोणाचं लोखंड कोणाच्या कारखान्यात ओतलं जातंय ते बघायचं.

आणि केटीएमचं ताजं बघा. नोव्हेंबर 2024 ला ऑस्ट्रियात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, देणेकऱ्यांना तीस टक्क्यांवर समाधान मानावं लागलं, आणि 2025 मध्ये बजाजने 80 कोटी युरोची सोय करून ती वाचवली, ताबाही घेतला. तेव्हापण माझ्याकडे ड्यूकवाली दोन पोरं आली, तोंडं पडलेली, "दादा आता काय". म्हटलं बाबांनो, तुमची ड्यूक चाकणची आहे, ऑस्ट्रियात काय का होईना, तुमचा चेन स्प्रॉकेट कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने जसा यायचा तसाच येणार. आलाही.

खरी परीक्षा बघायची असेल तर 22 जुलै 2021 ची बघा. पूर. माझ्या दुकानात माझ्या डोक्याच्या वर पाणी, पुठ्ठ्याच्या डब्यांचा लगदा, बेअरिंगा चिखलात. पाणी उतरल्यावर आख्ख्या बाजारपेठेतल्या गाड्या एकदम उघडायला आल्या, हजारोंनी, प्रत्येकाला तेच हवं: गॅस्केट, ऑइल सील, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, वायरिंग. इंजिनातून ऑइल काढलं की दूध घातलेल्या चहासारखं यायचं, तीन-तीन वेळा ऑइल बदलायला लागायचं. तेव्हा कळलं पार्टनरशिप म्हणजे काय. ज्या गाड्यांचा माल घाटावर पुण्या-कोल्हापुरात पडून होता त्या आठ-दहा दिवसांत रस्त्यावर. एका डॉक्टरांची एक भारी परदेशी गाडी होती, नाव नाही घेत, पूर्ण बाहेरून आलेली, इथे कोणी भिडू नाही, तिचा डिलरपण मधेच बंद झालेला. तिची एक ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, यायला दिवाळी उजाडली. डॉक्टर तोपर्यंत बायकोच्या ॲक्टिव्हावर राऊंडला जायचे.

तर तुमच्या दोन गाड्या. स्पीड 400 बजाज चाकणला बनवतं, 2023 च्या जुलैमध्ये आली, बाहेरच्या देशांतही जाते. यात कोणी कोणाचे शेअर घेतलेले नाहीत, नुसता करार आहे, काम ट्रायम्फचं डिझाइन आणि बजाजचा कारखाना. एक्स 440 पण त्याच महिन्यातली, हिरो बनवतं. हार्लेने 2020 ला स्वतःचा हरियाणातला कारखाना बंद केला आणि महिन्याभरात हिरोशी हात मिळवला, म्हणजे इथे भिडूशिवाय जमत नाही हे तिला पैसे घालवून कळलेलं आहे. दोन्हींत लोखंड इथलंच. उद्या जोडी तुटली तर टाकीवरचं नाव कोणाचं यावर भांडण होईल, पिस्टनवर नाही. प्लास्टिकचे पॅनल, मीटर, हेडलाइट असल्या त्याच मॉडेलच्या खास वस्तूंना मात्र त्रास होऊ शकतो, तो धोका खोटा नाही, जुन्या बंद पडलेल्या मॉडेलांचा मीटर शोधताना मी स्वतः कोल्हापूरची गल्ली न् गल्ली पालथी घातलीय.

म्हणून शोरूमला जाल तेव्हा माइलेज नका विचारू, सेल्समन पाठ केलेलं सांगतो. सरळ सर्व्हिसच्या मागच्या दाराने जा, पार्टवाल्याला विचारा की क्लच केबल, लिव्हर आणि पुढचा इंडिकेटर आत्ता स्टॉकला आहे का, नसेल तर किती दिवसांत, आणि किमती कागदावर लिहून घ्या. तो "बघून सांगतो" म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा. वडिलांना सोबत न्या, त्यांना पार्टवाल्याशी बोलायला आवडेल, आणि गाडी त्यांच्याच पैशाची असणार असं मला उगाच वाटतंय.

घेतलीत की पहिल्या पावसाआधी चेन आणि स्टँडच्या स्प्रिंगला ग्रीस मारून घ्या, दाभोळच्या फेरीबोटीतून नेली की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा, खारा तुषार बसला की कुठल्याही देशाचं क्रोम दोन महिन्यांत तांबडं होतं.