पहिली रोड बाईक: उंची ५ फूट २ इंच, बजेट ३० हजार. कोणती घेऊ?

आधी सरळ उत्तर: सिनियरची सायकल घेऊ नकोस. का, ते सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू मूळची साताऱ्याची, पुण्यात सेकंड इयरला, हॉस्टेल कर्वेनगरला. सायकलवर रोज कॉलेजला जायचंय, रविवारी सिंहगडाच्या बाजूला, आणि कधीतरी पुण्याहून साताऱ्याला घरी. समोर तीन पर्याय आहेत. ऑनलाइन मिळणारी १४ हजारांची, २१ गिअरची ‘रेसिंग सायकल’. डेकॅथलॉनमधली ट्रायबनची सगळ्यांत स्वस्त रोड बाईक. आणि कॉलेजमधल्या सिनियरची वापरलेली, शिमानो क्लॅरिस गिअरची, ५४ साइजची (फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये), २४ हजारांना.

मी बरीच वर्षं पुण्यात सायकल चालवते आणि आमच्या ग्रुपमधल्या नव्या मुलींबरोबर सायकल बघायला जाते. त्या अनुभवावरून सांगते, सुट्या भागांचा विचार केला तर तुझ्या तिघींत सिनियरचीच सायकल भारी आहे. क्लॅरिसमध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात, त्यामुळे उतारावर, गर्दीत, कुठेही हात हँडलवरून न काढता गिअर बदलता येतो. मागे आठ चकत्यांची कॅसेट, पुढे बहुतेक दोन चेनव्हील, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकत्या. या पैशांत नवीन सायकलीवर हे मिळणं कठीण. पण ५४ ची फ्रेम साधारण पावणेसहा फुटांच्या आसपासच्या माणसासाठी असते. तुझ्या उंचीला ४८ च्या आसपासची लागेल.

अंदाजाने नको, मोजून बघ. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबून धर आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मैत्रिणीला मोजायला सांग. ते सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.६७ ने गुण. ७२ आलं तर उत्तर ४८ च्या थोडं वर येतं. हीच तुझी ढोबळ फ्रेम साइज. तेच माप ०.८८३ ने गुणलंस की सीटची उंची मिळते, म्हणजे पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. ७२ ला ती साडेत्रेसष्ट सेंटिमीटर होते. दोन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेव, दुकानात लागतील.

‘सीट खाली घेतली की झालं’ असं तुला कोणीतरी सांगेलच. ते रोड बाईकला लागू होत नाही. सीट खाली येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. मोठ्या फ्रेमवर हात पूर्ण ताणून बसावं लागतं. कॉलेजपर्यंत ते जाणवत नाही, पण तासाभराने मान, खांदे आणि तळहात बोलायला लागतात. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, १०० मिलिमीटरचं काढून ७० चं लावता येतं, म्हणजे तीन सेंटिमीटर मिळाले, पण त्यापेक्षा जास्त भरपाई होत नाही. शिवाय सिग्नलला पाय टेकताना आडवा नळा टोचतो तो टोचतोच. मुलींनी दोन महिन्यांत सायकल चालवणं सोडलं की लोक म्हणतात आवड नव्हती. मी अशा ज्या सायकली बघितल्या, त्यातल्या बहुतेक मोठ्या मापाच्या होत्या, घरातल्या भावाच्या नाहीतर मित्राच्या. तुझ्या बाबतीत हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

१४ हजारांच्या सायकलीबद्दल फार लिहीत नाही. ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळलेलं हँडल, लावलं म्हणून रोड बाईक होत नाही. या किमतीत फ्रेम बहुधा जड लोखंडाची असते आणि गिअरचे खटके हँडलच्या मध्यावर किंवा खालच्या नळ्यावर, म्हणजे प्रत्येक वेळी एक हात सोडायचा. बॉक्समध्ये ८५ टक्के जोडलेली येते. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, ब्रेक आणि पुढचं चाक असतं, आणि जिवाला महत्त्वाचं तेवढंच असतं.

‘२१ गिअर’ या आकड्याने मात्र भुलू नकोस, कारण सातारा आणि सिंहगडासाठी खरा प्रश्न इथे आहे. २१ म्हणजे पुढे तीन, मागे सात, आणि त्यातले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच. घाटात उपयोगाचा असतो फक्त सगळ्यांत हलका गिअर. त्यासाठी दोनच आकडे विचार: पुढच्या सगळ्यांत लहान चेनव्हीलला दात किती, आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीला किती.

समज, एका सायकलला पुढे ४४ आणि मागे जास्तीत जास्त २८ दात आहेत. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर ती ताशी १२ किलोमीटरने जाते. दुसरीला पुढे ३४ आणि मागे ३२. तेवढ्याच वेगाने पाय फिरवून ती जाते ताशी ८ किलोमीटरने. चढावर दीडपट वेग म्हणजे जवळजवळ दीडपट ताकद, आणि ती दमल्यावरही चालू ठेवायची. म्हणून पहिल्या सायकलवरून मुली यवतेश्वरच्या चढात उतरून चालत जातात आणि दुसरीवरून हळूहळू का होईना, वर पोचतात. यवतेश्वर तुझ्या घरासमोरचाच, त्यामुळे मी काय म्हणते ते तुला कळेल. सिंहगडही तसाच खडा आहे. कात्रजचा जुना घाट त्या मानाने सौम्य.

आता ट्रायबन. तिच्या सर्वांत खालच्या मॉडेलला पुढे एकच चेनव्हील आणि मागे सात गिअर असतात. ॲल्युमिनियमची फ्रेम, रोजच्या वापराला दणकट, आणि लहान मापात मिळते ही तुझ्यासाठी मोठी गोष्ट. घाटात ती जड जाईल. पण मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून जास्त दातांचं बसवणं हे काही मोठं काम नाही. घेण्याआधी एवढंच विचार, की मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, जास्तीत जास्त किती दातांची चकती पेलतो.

मी तुझ्या जागी असते तर या क्रमाने गेले असते. पहिले सहा-आठ आठवडे लहान मापाची, पुढे दोन आणि मागे आठ गिअरची वापरलेली सायकल शोधली असती. सायकलिंगच्या ग्रुपांवर परीक्षांनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर बऱ्याच सायकली विकायला निघतात. लहान मापाच्या कमी निघतात, हे खरं. पण त्यांना गिऱ्हाईकही कमी, त्यामुळे भाव करता येतो. तेवढ्यात नाही मिळाली तर नवीन ट्रायबन, एक्सएस आणि एस दोन्हींवर बसून बघून.

‘हायब्रिड घे, नंतर ड्रॉप हँडल लाव’ असाही सल्ला मिळेल. हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची सायकल, फक्त कॉलेजसाठी उत्तम. पण तिचे व्ही-ब्रेक रोड बाईकच्या लिव्हरने नीट चालत नाहीत, कारण दोन्हींत केबल ओढली जाण्याचं अंतर वेगळं असतं. ब्रेक बदला, लिव्हर बदला, गिअरचे शिफ्टर बदला, असं करत खर्च सायकलीच्या किमतीजवळ जातो. तुला साताऱ्याला जायचंय, तेव्हा रोड बाईकच घे.

वापरलेली बघायला जाशील तेव्हा स्टीलची पट्टी घेऊन जा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धर आणि १२ इंच मोज. नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिन येते. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायला आली. १/८ गेली असेल तर कॅसेटही बरोबर जाणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग. चाक उचलून फिरव आणि ब्रेकच्या रबराकडे बघ. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर चाकाला आऊट आहे. थोडा असेल तर कुठलाही जुना मिस्त्री काढून देतो. रिमच्या कडेवर नख फिरव, खोलगट लागली तर ती ब्रेकने झिजली आहे आणि ते चाक घेऊ नये. हँडलच्या खाली नळे जोडले जातात तिथे रंगाला केसासारखी चीर दिसली तर मग किंमत काहीही असो, परत ये. आणि सायकल उलटी करून पायडलच्या खालचा फ्रेम नंबर बिलावरच्या नंबराशी जुळव. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याकडून नंबरासकट लिहून घे. पुण्यात हॉस्टेलांतून सायकली चोरीला जातात, आणि चोरीची आपल्या हातात यायला नको.

३० हजार पूर्ण सायकलवर घालवू नकोस. २४-२५ ला थांब. उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, यू आकाराचं कुलूप, पंप, दोन ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर बसवायचे आहेत. कुलूप फ्रेम आणि मागच्या चाकातून घालून खांबाला लाव. पुढचं चाक पटकन निघणारं असेल तर त्यातून वेगळी केबल घाल. रोड बाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. पितळेचा छोटा ॲडाप्टर अगदी स्वस्तात मिळतो, तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेव.

टायर २८ मिलिमीटरचे मिळाले तर तेच घे. २३ चे वेगवान असतात ही जुनी समजूत. आपल्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर ते त्रासच देतात. तुझ्या वजनाला २८ मध्ये ६० ते ७० पीएसआय हवा पुरे. डिस्क ब्रेकसाठी या बजेटमध्ये हट्ट धरू नकोस. साधे, रिमला दाबणारे कॅलिपर ब्रेक कुठेही दुरुस्त होतात, पावसात फक्त थोडं आधी दाबायचे.

ब्रेक लिव्हर तुझ्या बोटांना दूर वाटतील, कारण ते मोठ्या हातांच्या हिशोबाने बसवून आलेले असतात. बऱ्याच लिव्हरमध्ये ते जवळ आणायचा स्क्रू असतो. दुकानदाराला तो फिरवून द्यायला सांग आणि हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवून दोन बोटांनी पूर्ण ब्रेक लागतो का, ते तिथेच बघ. लहान फ्रेमवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं, तेही सावकाश एक गोल चक्कर मारून तपास. उताराच्या वेगात चाक एवढं वळतच नाही, त्यामुळे घाबरू नकोस, फक्त माहीत असू दे.

आणि साताऱ्याबद्दल. सुमारे ११० किलोमीटर आहे. नव्या बोगद्याऐवजी जुन्या कात्रज घाटाने जा, पुढे शिरवळ, खंडाळा (सातारा जिल्ह्यातलं) आणि मग खंबाटकी घाट. पहाटे निघालीस तर खंबाटकी उन्हाआधी चढून होते. पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस. पुण्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, नियमित होतात, साडेतेरा तासांत पूर्ण करायच्या असतात, आणि त्या करणारी मंडळी नवख्यांना आनंदाने सोबत घेतात. सायकल घेतल्यावर महिनाभराने एकदा ती दुकानात दाखवून आण. नवीन केबल थोड्या सैल पडतात, गिअर खडखडायला लागतात, आणि ती फक्त ट्यूनिंगची गोष्ट असते.

पायाचं माप घेतलंस की इथे लिही. एखादी वापरलेली सापडली तर तिच्या वरच्या नळ्याची लांबी, चेनव्हीलचे आणि मागच्या चकतीचे दात पण लिही. पैसे देण्याआधी मी बघून सांगते.